गडग्यावरची कळलावी

रायगडच्या किनाऱ्यावर ज्या हातांना रोज वाडी शिंपायची सवय आहे, त्या हातांनी कळलावी हमखास मरते. अलिबाग, नागाव, चौल, मुरुड, श्रीवर्धन, कुठेही जा. नारळी-पोफळीच्या वाडीत दिवाळीपासून मृगापर्यंत पाणी खेळतं. पोफळीला ते हवंच असतं. कळलावीला मात्र पाऊस संपला की थेंबभरही नको. तिचा कंद सात-आठ महिने जमिनीत कोरडा झोपतो आणि त्या झोपेत कोणी मायेने पाणी घातलं तर कुजून जातो. म्हणून ही वेल वाडीत लावायची नाही, वाडीच्या गडग्यावर लावायची. या लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मं काम झालं.

तशी ती आपल्या ओळखीचीच आहे. भाद्रपदात तेरड्याची गौर आणली की तिच्यासोबत कळलावीची लाल-पिवळी फुलं येतात. बऱ्याच घरांत ती गौरीचे हात म्हणून ठेवतात. कोणी तिला वाघनखी म्हणतं, कोणी अग्निशिखा. आयुर्वेदात ती लांगली, आणि तिथे तिची गणना उपविषांत होते. तामिळनाडूचं ते राज्यफूल आहे. एवढी मानाची वेल आपल्याकडे मात्र रस्त्याकडेच्या काटेरी जाळीत उगवते, गौरीपुरती खुडली जाते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी दिसली तर दिसते. घरात लावली की भांडणं लागतात, असा एक समज आहे. भांडायला आपल्याला वेलीची गरज पडत नाही; पण हा समज ज्याने पसरवला त्याने पोराबाळांचं भलंच केलं, कारण ही वेल जहाल विषारी आहे. तिकडे नंतर येऊ.

आधी फूल निरखून बघा. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे उलटून वर उभ्या राहिलेल्या. फुलाचं तोंड खाली. उमलताना पाकळ्या हिरवट-पिवळ्या असतात, मग टोकाकडून लाली उतरत येते आणि शेवटी सगळं फूल लालभडक होतं. सहा पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरलेले. स्त्रीकेसराची दांडी तर बुडातच काटकोनात वळून एका बाजूला निघून गेलेली असते. मध प्रत्येक पाकळीच्या बुडाशी, म्हणजे मध्यभागी, आणि पराग लांब कडेला. मुंगी किंवा चिमुकली माशी मध पिऊन, परागाला न शिवता, खुशाल निघून जाऊ शकते.

मग या फुलाचं काम करतं कोण? मोठ्या पंखांची फुलपाखरं. पाकळी-पाकळीचा मध पीत ती फुलाभोवती फिरतात, पंखांची फडफड चालूच असते, आणि आडव्या पसरलेल्या केसरांना ते पंख घासतात. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये हे नीट तपासून मांडलं. तिथेही हीच वेल रानात वाढते. या फुलाचे पराग मुख्यतः फुलपाखरांच्या पंखांवरून दुसऱ्या फुलावर जातात आणि फुलाचं खाली झुकलेलं तोंड या देवघेवीला मदत करतं, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे शिंजीर पक्षीही कळलावीवर मध प्यायला येतात. मधमाश्याही फिरकतात, पण मधाच्या पेट्या ठेवणाऱ्याने कळलावीच्या भरवशावर राहू नये. हे फुलपाखरांचं फूल आहे.

लावणाऱ्यासाठी यातून एक साधी गोष्ट निघते. फुलाभोवती पंख हलायला जागा हवी. भिंतीला चिकटलेल्या जाळीवर वेल गच्च बांधून टाकली, तर फुलं दिसतील झकास, पण अर्ध्या बाजूंनी फुलपाखराला जाताच येणार नाही. वेल गडग्यावरून बाहेर झुकू द्या, फुलांच्या चहूबाजूंनी हातभर मोकळी हवा राहू द्या. सुटं एखादंच रोप लावण्यापेक्षा पाच-सहा कंद दीड-दोन फुटांच्या अंतराने एकाच ठिकाणी लावलेले बरे. फुलपाखराला लांबून तांबडा पट्टा दिसतो आणि एका वेलीचे पराग दुसरीवर पोचतात. परपराग मिळाला की बोंडं चांगली धरतात. तामिळनाडूत दिंडिगुल, करूर या भागांत कळलावीची शेती होते, तिच्या बियांतल्या कोल्चिसिन या औषधी द्रव्यासाठी. तिथे भरपूर बोंडं धरावीत म्हणून माणसं सकाळच्या वेळी एकेका फुलाला हाताने पराग लावतात. आपल्याला शेती करायची नाही. गडग्यावर फुलपाखरू येत राहिलं की बियांपुरती बोंडं मिळतात.

आता लागवड. कंद मिळाला तर काम सोपं, बी असेल तर धीर हवा.

कंद नांगराच्या फाळासारखा, दोन फाट्यांचा असतो. डोळा प्रत्येक फाट्याच्या टोकाला, तोही एकच. कुठलाही तुकडा उगवेल अशी खात्री इथे नाही. टोक मोडलं की तो फाटा गेला. म्हणून कंद हाताळताना टोकाकडे लक्ष ठेवा, पिशवीत एकावर एक टाकून आणू नका. दोन फाटे वेगळे करायचे असतील तर वळणाशी, धारदार कोरड्या सुरीने करा आणि चिरलेला भाग एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. हातमोजे घाला. सुरी नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका.

रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा आला, की कंद लावावेत. मृगाच्या पावसाने जमीन भिजली की कोंब आपोआप वर येतो. वळवाचा पाऊस लवकर पडला तर झोपलेल्या कंदाचे डोळे फुगायला लागतात. तसं दिसलं की थांबू नका. कंद आडवा ठेवायचा, जमिनीखाली साधारण पाच-सहा सेंटिमीटर. याहून खोल गेला तर आपल्या चिकण मातीत कोंब गुदमरतो, याहून वर राहिला तर पहिल्याच झोडपणीत उघडा पडतो. पन्नासेक ग्रॅमचा भरलेला कंद त्याच पावसाळ्यात फुलतो. बोटभर जाडीचा पहिल्या वर्षी नुसता वेल काढतो. त्याला काढून टाकू नका, पुढच्या वर्षी बघा.

जमिनीबद्दल तिची तक्रार फारशी नसते. जांभ्यावरच्या वीतभर मातीतही ती वाढते आणि किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या मातीतही. तिला चालत नाही ते साचलेलं पाणी. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या पट्ट्यात भातखाचराच्या बांधालगतची सपाट, चिकण जागा तिच्यासाठी वाईट. गडग्याच्या पायथ्याशी फूटभर उंच वरंबा करा, मातीत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि बारीक जांभ्याची खर मिसळा, बस. शेणखत घालायचंच तर जुनं, आणि मूठभर. खताने वेल माजते, पानं रुंद होतात आणि फुलं उशिरा येतात. किनाऱ्यावरची रेती उचलून आणू नका; खारीही असते आणि ती उचलायला मनाईही असते.

ऊन किती? सकाळचं भरपूर, दुपारी थोडी विरळ सावली. पोफळीच्या गर्द सावलीत वेल लांब, फिकी आणि फुलांविना राहते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून अलिबागपर्यंत हजारो माड-पोफळी आडव्या केल्या आणि वर्षानुवर्षं सावलीत असलेले कितीतरी गडगे उन्हात आले. अशा उघड्या पडलेल्या जागी आपण काही लावलं नाही तर रानमोडी येऊन बसते. तिथे नवी पोफळ वाढेपर्यंतची वर्षं कळलावीला देता येतात. पोफळ मोठी झाली की वेल कडेला सरकवावी लागेल, हेही ध्यानात ठेवा.

वेलीला आधार देताना बहुतेकांचं चुकतं. कळलावीला वेगळे ताणे नसतात, पानांची टोकंच वळून ताण्याचं काम करतात. ती टोकं लहान असतात, त्यांना पेन्सिलीएवढी काडी धरता येते, बांबू धरता येत नाही. जाड बांबू रोवून वेल त्यावर चढेल म्हणून वाट बघत बसलात तर ती शेजारच्या गवतावर लोळेल. करवंदीची सुकी फांदी, निगडीच्या काड्या, तुरीच्या वाळक्या काट्या, काहीही बारीक आणि फाटेदार रोवा. जिवंत करवंदीची जाळी तर सगळ्यांत उत्तम, रानात ती अशाच जाळीत वाढते आणि काट्यांमुळे गुरं तोंड घालत नाहीत. जूनमध्ये कोंब वीतभर झाला की आधार तयार हवा. नंतर वेल उचलून बांधायला जाल तर ती ठिसूळ दांडी हमखास मोडते, आणि शेंडा मोडला की त्या वर्षीची फुलं गेली. फुलोरा शेंड्याकडे असतो.

बियांपासून लावायचं तर बोंडं वेलीवरच सुकू द्यावीत. ती तीन भागांत उकलतात आणि आत लाल-केशरी बिया दिसतात. वरचं मऊ आवरण चोळून काढा, बिया सुकवून कागदात ठेवा आणि पावसाच्या तोंडाशी निचऱ्याच्या मातीत पेरा. उगवण एकसारखी होत नाही, काही बिया महिन्यात येतात, काहींना त्याहून बराच वेळ लागतो. पहिल्या वर्षी रोप एखाद-दुसऱ्या पानाचं असतं आणि ऑक्टोबरात वाळून जातं. मेलं असं समजून कुंडी रिकामी करू नका. आत हरभऱ्याएवढा कंद बसलेला असतो. फूल दिसायला तीन-चार वर्षं लागतात. एवढा वेळ कोणाला, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याच गावच्या वेलीचं बी रुजवायचं असेल तर दुसरा रस्ता नाही, आणि आपण सुपारीच्या रोपाला याहून जास्त वर्षं देतोच की.

कंद आणायचे कुठून, हा खरा अवघड प्रश्न. रानातून खणून आणणं सोपं असतं, म्हणूनच औषधासाठी खणून खणून अनेक ठिकाणी कळलावी विरळ झाली. मुरुड-रोह्याच्या फणसाड अभयारण्यातून तर पान आणणंही कायद्याने गुन्हा. ज्याच्या गडग्यावर आधीच वेल आहे त्याच्याकडे मेमध्ये जा. दोन फाट्यांतला एक द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. रोपवाटिकेत घेताना विचारून घ्या. शोभेसाठी वाढवलेले मोठ्या फुलांचे परदेशी वाण त्याच नावाने विकले जातात. मांडवा-आवासच्या बंगल्यांच्या बागा अशा पाहुण्या झाडांनी आधीच भरल्या आहेत. हिरवळ आणि कापीव कुंपण यांत फुलपाखराला बसायला जागा नाही. त्याच पट्ट्यातल्या किहीमला १९३० च्या सुमारास सालिम अली यांनी पावसाळाभर सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. तिथल्या नव्या बंगलेवाल्यांनी कुंपणाचा एक कोपरा जरी रानाला सोडला तर त्या गावाला शोभेल.

जुलैत वेल वाढायला लागली की एक सुरवंट येतो. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके, चटकन डोळ्यात भरणारा. लिली पतंगाचा हा सुरवंट कळलावी आणि लिलीच्या जातकुळीतली झाडं खाऊनच जगतो. त्याच्या शास्त्रीय नावातच कळलावीचं नाव आहे. पाच-सहा दिवसांत तो वेलीची काडी करून ठेवतो. फवारणीचा डबा आणायचा मोह इथे होतो. तो आवरा. फुलपाखरांसाठी वेल लावायची आणि सुरवंटांसाठी कीटकनाशक मारायचं, हे जमणारं नाही. सकाळी काडीने सुरवंट उचलून साबणाच्या पाण्यात टाका, निम्मे राहू द्या. तोही इथलाच आहे. कंद भरलेला असेल तर एका वर्षाची पानं गेल्याने वेल मरत नाही.

सुरवंटापेक्षा मोठा शत्रू म्हणजे तणनाशक. हल्ली गडगा साफ दिसावा म्हणून ऑगस्टमध्ये तणनाशक मारतात किंवा गवत कापायचं यंत्र फिरवतात, नेमकं कळलावी कळ्यांवर असताना. लावलेल्या जागी दोन्ही टोकांना चुना लावलेले दगड ठेवा आणि कामाला येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. पोफळीला कोळे रोगासाठी बोर्डो मारता तेव्हा खालच्या वेलीवर फवारा पडणार नाही एवढं बघा.

आणि हो, नुसत्या मधावर फुलपाखरू टिकत नाही. त्याच्या अळीला खायला झाड लागतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. तुमच्या परसातला कढीपत्ता त्याच्या भावकीतल्या काळ्या-पांढऱ्या फुलपाखरांना वाढवतो. बहाव्यावर फिकट पिवळी कॉमन एमिग्रंट वाढतात. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की चिडू नका. शिवाय कळलावी फुलते जुलैअखेर ते सप्टेंबर, एवढंच. पुढे काय? भारंगी लावा, तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते. पुळणीवर मर्यादवेल राखा. शिमग्याच्या आधी काटेसावर आणि पळस शिंजिरांना पोसतात, त्यानंतर करवंद आणि कुडा. यातलं बरंचसं कुंपणावर मावतं.

आता विष. कळलावीच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत सगळ्यांत जास्त. रताळं किंवा दुसरा कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी भारतात आणि श्रीलंकेत आहेत. आपल्याकडे तर कोनफळं, करांदे, रताळी परसातच लावतात आणि हिवाळ्यात खणून काढतात. म्हणून नियम कडक ठेवा. खायच्या कंदाच्या वाफ्याजवळ कळलावी कधीही नको. जागा बदललेला किंवा खणलेला कंद उघड्यावर टाकू नका. गोठ्यालगतच्या, शेळ्या चरतात त्या बाजूला लावू नका. घरात रांगतं किंवा तोंडात वस्तू घालणारं मूल असेल तर अजून चार वर्षं ही वेल लावूच नका, भारंगी लावा. यात तडजोड नको. कोणाच्या पोटात चुकून गेलंच तर काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. मग थोडं बरं वाटल्यासारखं होऊन पुढे अवयव निकामी व्हायला लागतात. त्या मधल्या बऱ्या वाटण्यावर जाऊ नका. घरगुती उपाय करत बसू नका, वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगा.

गौरीच्या निर्माल्याचंही तेच. विसर्जनानंतर कळलावीची फुलं गुराढोरांच्या तोंडी लागतील अशी टाकू नका, खड्ड्यात पुरा.

गणपती होऊन गेले की पानं पिवळी पडायला लागतात. दिवाळीच्या आसपास वेल पार वाळते. ओढून काढू नका, वाळलेली दांडी आपोआप सुटते. पानं हिरवी असतात तोवर ती खालचा नवा कंद भरत असतात. जुना कंद दरवर्षी सुकून जातो आणि पुढच्या साली फुलणारा नवाच असतो. म्हणूनच गौरीसाठी फुलं घेताना नुसतं फूल देठासकट खुडावं, पानांची वेल मोडू नये. पानं गेली तर कंद हलका राहतो आणि पुढच्या वर्षी फूल येत नाही. दरवर्षी बाजारात वेलीच्या वेली जुड्या बांधून येतात, त्यातली एकही पुन्हा भरून फुलत नसते.

कुंडीत लावणाऱ्यांनी, पनवेल-उरणच्या गच्चीवाल्यांनी विशेषतः, बारा इंची कुंडी घ्यावी, तळाला मोठं भोक आणि खापरीचे तुकडे. वेल वाळली की कुंडी पागोळीपासून दूर, ओसरीच्या कोपऱ्यात आडवी करून ठेवा आणि रोहिणीपर्यंत तिच्याकडे बघू नका. जमिनीतल्या कंदांच्या जागी खूण ठेवा, कारण मार्चमध्ये तिथे काही आहे हे तुम्हालाही आठवणार नाही, आणि नळी घेऊन फिरणाऱ्याला तर नाहीच. दर तीन-चार वर्षांनी मेमध्ये कंद हलकेच उकरून बघावेत. दाटी झाली असेल तर फाटे वेगळे करून शेजाऱ्याला द्यावेत.

यंदा गौरी यायच्या आधी गावात कोणाच्या गडग्यावर कळलावी फुलली आहे ते बघून ठेवा. फुलं मागायला जाल तेव्हा त्यांना सांगा, दोन-तीन फुलं वेलीवरच राहू द्या आणि त्यांची बोंडं पिकली की मला कळवा.